दुसरी गाठ

१२ जून १९७२, भिंगार
आले एकदाची! शाळा हाकेच्या अंतरावर, खोलीला दोन खिडक्या, आणि तिसरीचा वर्ग आणि मुलींची गाणी माझ्याकडे. घरमालकीण दगडाबाईंनी चहा देता देता माझ्या गळ्यावरचा व्रण नीट न्याहाळला. दोन वर्षांपूर्वी थायरॉइडची गाठ काढली, असं मीच सांगून टाकलं. नाहीतर मी फास लावून घेतल्याची बातमी संध्याकाळपर्यंत बाजारात गेली असती.

९ जुलै
पोलक्याचं वरचं बटण लागेना. शिंप्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग आरशात पाहिलं. व्रणाखाली, डावीकडे काहीतरी आहे. आवंढा गिळला की तेही वर सरकतं.

२८ जुलै
मुली शुद्धलेखन लिहीत होत्या, वर्ग चिडीचूप. एकीनं विचारलं, बाई, तुम्ही गुणगुणताय का. मी तर तोंड मिटून बसले होते. आवाज माझ्याच गळ्यातून येत होता, बारीक शिट्टीसारखा.

११ ऑगस्ट
आई श्रीगोंद्याहून आली. तिला घेऊन नगरच्या डॉक्टरांकडे गेले. गाठीनं श्वासनलिका दाबली आहे, पुन्हा कापावं लागेल. पण जुन्या व्रणात सगळं चिकटलेलं असतं, आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो. आणि अशी परत आलेली गाठ कधीकधी कॅन्सरची निघते. पहिल्या गाठीच्या तपासणीत काय निघालं होतं, असं त्यांनी विचारलं. आई खाली बघायला लागली.

तपासणी झालीच नव्हती. आईनं तेव्हाच्या इस्पितळातल्या आयाच्या हातापाया पडून गाठ मागून घेतली आणि बाबांच्या कबरीशेजारी पुरली. पुनरुत्थानाच्या दिवशी लेक अपुऱ्या अंगानं उठू नये म्हणून. "तुझं अंग तुझ्यापाशी नगं व्हय?" म्हणाली. मी तिच्यावर खूप ओरडले. ही गाठ पुण्याला तपासायला जाणार, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. तिनं मान डोलावली.

२६ ऑगस्ट
उताणं झोपता येत नाही. रडले, देवाशी भांडले. मला मरायचं नाही. आई श्रीगोंद्याला जाऊन आली. सांगते, गाठ पुरली तिथली माती वर आली आहे, मुठीएवढी. थापली तरी परत वर येते. हे मला कशाला सांगते ती?

४ सप्टेंबर, इस्पितळ
कापलं. आवाज नाही. ओठ हलतात, बाहेर काही येत नाही. ही वही हेच आता माझं बोलणं. गाठ समोरच्या टेबलावर, औषधाच्या बाटलीत. चिठ्ठीवर माझं नाव, मेरी कृपादान. उद्या पुण्याला जाईल. मग कळेल.
आई बाटलीकडे बघत बसली आहे.

५ सप्टेंबर
नर्स बाहेर गेली. आई उठली. बाटली पदराखाली घेतली. माझ्या कपाळावरून हात फिरवला. "बाबांपाशी ठिवून येते गं. सांजच्याला हाय मी."

मान हलवली — नाही, नाही — वहीत लिहून दाखवलं. तिला वाचता येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या केशरबाईंपुढे वही धरली. त्या अक्षराकडे बघून कौतुकानं हसल्या.

पेला आपटतेय — कुणी येत नाही —

शिट्टी. पुन्हा. गाठ तर काढली ना, मग ही —

आई दारात. चपला घालतेय. श्वास —

आई नको. गाठीत काय आहे ते मला —