दर गुरुवारी, पाच ते सात

मी, प्रभाकर नारायण टिपणीस, वय ७८, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल, कोणाच्याही दबावाला न जुमानता हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यातली गुडघ्याची ओळ वाचू नये.

१. राहता फ्लॅट माझ्या पश्चात मुलगा अविनाश याचा, पण कलम ५ पाळले तरच. नाहीतर सून रेवा हिचा. तिने मला एकदाही "आता आराम करा" म्हटलेले नाही.

२. आरामखुर्ची अविनाशला. जिन्यात माझा पाय एकदा घसरला, तर याने ती आणली आणि मी जिथे दर गुरुवारी कवितेचा वर्ग घ्यायचो त्या ज्येष्ठ नागरिक संघात परस्पर सांगून आला, "बाबांना कवितेचा वर्ग झेपत नाही." त्याने तिच्यात सलग चार दिवस बसून दाखवावे.

३. शाल संघाचे सचिव परेश यांना परत. त्यांनी माझा सत्कार ठेवला. मी खुळा, भाषण पाठ करून गेलो. टाळ्या चालू असतानाच त्यांनी वर्गाच्या सभागृहाची किल्ली मागून घेतली. "काका, खूप केलंत हो आमच्यासाठी!" भांडून काढले असते तर निदान उलट बोलता आले असते.

४. माझी शाळेची क्रमिक पुस्तके मैना कोळी हिला. जन्मभर मासळी विकली, शाळा चौथीत सुटली. वर्गात पहिल्या दिवशी म्हणाली, "मास्तर, तिसरीची कविता आजून पाठ हाय. पन म्हनू कोनाला?" डोळे मिटून तिने ती म्हटली, आणि मला आमच्या गुरुजींचा बाकावर ताल धरणारा हात दिसला. आम्ही नऊ म्हातारे मग एका सुरात तिच्यामागे. परवा बाजारात भेटली. "सत्कार झाला नं? आता बसा गप घरान!" हसत म्हणाली, पण झोंबले.

५. फ्लॅटची बाहेरची खोली दर गुरुवारी पाच ते सात कवितेच्या वर्गासाठी उघडी राहील. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, हे मला ठाऊक आहे. तेवढे थांबायला मला सवड नाही. हे कलम परवाच्या गुरुवारपासूनच लागू. मैनेसकट वर्गातल्या सगळ्यांना निरोप गेले आहेत.

सही: प्र. ना. टिपणीस
पनवेल, मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

साक्षीदार:
१. गणू म्हात्रे, वय ७४
२. आभा दामले, वय ७१ (सही करताना म्हणाल्या, "पहिली कविता मी म्हणणार, आत्ताच सांगून ठेवते.")