शिंगाच्या मुठीचा चाकू व इतर मालमत्ता

मी, दशरथ विठोबा मालंडकर, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार दहिसर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांना शंका आहे ती माझ्या हृदयाबद्दल. डोके शाबूत आहे. कोणाचाही दबाव नाही. पत्नी रुक्मिणी "आटपा, जेवण निवतंय" म्हणते आहे, तेवढाच.

१. दहिसरची राहती जागा माझी स्वकष्टार्जित आहे. ती व बँकेतील ठेव रुक्मिणीला मिळावी, तिच्या पश्चात मुलगा नंदकिशोर याला. ठेव कशी खर्चावी हे तिला कोणी शिकवू नये. मला ते कधी जमले नाही.

२. माझे पितळी भिंग सहशिक्षक श्यामकांत यांनी "चार दिवसांसाठी" नेले, त्याला बरीच वर्षे झाली. ते त्यांना या लेखान्वये दिले आहे. आता तरी मला पाहून त्यांनी रस्ता ओलांडू नये, असे लिहिणार होतो. पण हे वाचले जाईल तेव्हा तो प्रश्नच नसेल.

३. कपाटाच्या खालच्या खणात माझे जुने घडीचे चाकू आहेत. पहिला घेतला तो पेन्सिली तासायला, मरोळच्या एका भंगारवाल्याकडून, आणि मग खोडच लागली. चाकू कुठला हे पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्यावरून कळते, पाते ताणून धरणाऱ्या पाठीच्या कमानीवरून कळते, मूठ शिंगाची की हाडाची यावरूनही. मिटताना होणारा आवाजसुद्धा प्रत्येकाचा वेगळा. पण एक ओळखायला शेजारी दुसरे चार लागतात. नंदकिशोर म्हणतो, नातेवाइकांना आठवण म्हणून एकेक देऊ. त्याचा हेतू चांगला आहे, मला मात्र तो मंजूर नाही. विखुरले की कुठे कोथिंबीर चिरतील, कुठे गंजतील, आणि हा आला कुठून असे कोणी विचारणार नाही. मला घोर आहे तो एवढाच, आणि हे मृत्युपत्रही त्यासाठीच आहे.

४. त्यांतला शिंगाच्या मुठीचा चाकू माझ्या व माझे मित्र अंबादास साळवे यांच्या भांडणाचा विषय आहे. अंबादास मानखुर्दला राहतात, लेथवर काम करून निवृत्त झाले, आणि त्यांनाही हाच नाद. त्या चाकूवरचा शिक्का अर्धा झिजलेला. मी तो विलायती मानला. अंबादासांचे एकच पालुपद: "शिक्का काय, कोणपण मारतो रे. कमान बघ, हाताने कानस मारलीय. हा इथल्याच माणसाचा." माझ्यामागे खण आपल्याकडे येणार, असे ते धरून चालले होते. मीही धरून चाललो होतो.

५. गेल्या खंडेनवमीला मी फुले आणायला बाहेर गेलो होतो. माझी सून पद्मजा सुतारांच्या घरातली. तिच्या माहेरी पूजेआधी हत्यारे लखलखीत करतात. तिने सगळे चाकू चिंच आणि विटेची भुकटी लावून घासले. परत आलो तर पाटावर चाकू चमकत होते आणि शिंगाच्या चाकूवरचा शिक्का साफ गेलेला. मी जेवलो नाही. अंबादास आले, त्यांनी पाते उन्हात धरून पाहिले. म्हणाले, "वाट लागली. आता भांडायचं कशावरून?"

तेव्हा पद्मजा दारातून म्हणाली, "अण्णा, चुकलं माझं. पण एक विचारू का? बाकीचे उघडताना माझं नख तुटायला आलं. हा एकच पटकन उघडला. असं का?"

"कसा उघडलास?" मी विचारले. तिने डावा हात पदराखाली घेतला. ती डावरी आहे. वाढताना, प्रसाद देताना "उजवा हात, पद्मजा" हे ती लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

मग आम्ही पाहिले. पाते उघडायला नखाची जी खाच असते, ती या चाकूला दुसऱ्या अंगाला होती. हा डाव्या अंगठ्यानेच सहज उघडतो. कोणीतरी बसून एका डावऱ्या माणसासाठी तो मुद्दाम घडवला असणार. इतकी वर्षे आम्ही दोघे शिक्क्याला डोळे लावून बसलो आणि खाच पाहिलीच नाही. अंबादासांनी चाकू मिटून तिच्यापुढे धरला. मग म्हणाले, "पोरी, परत उघड बघू." तिने उघडला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

६. सबब, सर्व चाकू एकत्र, खणासकट, पद्मजाला द्यावेत. ते वाटू नयेत. शिंगाच्या चाकूने तिने खुशाल कैरी कापावी. अंबादासांना हे मी समक्ष सांगितले आहे. ते म्हणाले, "बरोबर केलंस. पण मी बघायला येणार." त्यांना यावेसे वाटेल तेव्हा चहा मिळावा, आणि पद्मजाने त्यांचे सगळे ऐकून घेऊ नये.

७. हे कलम रुक्मिणी व नंदकिशोर यांनी नीट वाचावे. माझ्या तेराव्याला कावळ्यासाठी जे पान ठेवाल, ते पद्मजाने वाढावे, डाव्या हाताने. कोणी तिला हात बदलायला सांगू नये. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. कावळा यायला उशीर झाला तर तिच्या हाताला दोष देऊ नये. तो चाकू कोणासाठी केला होता, हे विचारत मी तिकडे फिरत असेन.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

दशरथ विठोबा मालंडकर
स्थळ: दहिसर, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार:
१. अंबादास लक्ष्मण साळवे, मानखुर्द
२. शिवदास नारायण राऊळ, शेजारी, दहिसर