गुरू सिंहेत जाताना

आप्पा, परवा लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं येऊन गेली. पंचवटीतली आहेत. माणसं बरी आहेत, आणि पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलंय, त्यामुळे आम्ही फक्त तारीख धरायला बसलो होतो. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आई म्हणाली, “सिंहस्थ लागतोय ना हो. गुरू सिंहेत असेपर्यंत आमच्याकडे लग्न करत नाहीत. त्यात या खेपेला तो मधेच वक्री होऊन कर्केत जाणार, परत सिंहेत येणार. लांबलंच म्हणायचं.” लेकीचा चेहरा पडला. मला राग यायला हवा होता, पण काहीच आलं नाही. हल्ली माझं असंच होतं. मी कपबशा गोळा करत राहिले.

वक्री म्हटलं की मला निफाडचं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही शाळेतून आलाय, अजून बूटसुद्धा काढले नाहीत, आणि स्टोव्ह उचलून मधोमध ठेवताय. हा सूर्य. मी पृथ्वी, आतून भराभर चालायचं. आई गुरू, बाहेरून हळूहळू. तिच्या हातात सूप, तांदूळ निवडणं चालूच. मी तिला मागे टाकताना तुम्ही ओरडता, “थांब! फळीवरच्या डब्यांकडे बघ. आई मघाशी हळदीच्या डब्यासमोर होती, आता मागे मिठाच्या बरणीकडे सरकली की नाही?” आणि आई म्हणते, “मी कुठं मागं गेले? पुढंच चालतीय. अन् तुमचा सूर्य उचला आधी, चहा ठेवायचाय.” मी हसत सुटले. तर तुम्ही म्हणालात, जुन्या लोकांना हसायचं नाही. त्यांनी पृथ्वी मधोमध धरली होती, मग गुरू मागे का जातो ते बसेना, म्हणून मोठ्या वर्तुळावर एक छोटं वर्तुळ फिरवलं, त्यावर गुरू बसवला. तरी थोडं चुकायचं, की अजून काहीतरी सरकवायचे. “जमलं का मग?” मी विचारलं. “बऱ्यापैकी जमलं,” तुम्ही म्हणालात, “म्हणून तर कित्येक शतकं कुणी हात लावला नाही.”

आणि एवढं सगळं शिकवणाऱ्या माणसानं माझं लग्न सिंहस्थासाठी थांबवलं. पिंपळगावचं स्थळ ठरलं होतं. थोरले काका येऊन बसले, म्हणाले, गोदावरीच्या उत्तरेला सिंहस्थात लग्न लावत नाहीत, पलीकडच्या तीराला चालतं, निफाड अलीकडे पडतं, झालं. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता तुम्ही स्टोव्ह मागवाल. तुम्ही म्हणालात, “थांबू या.” दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे शाळेत गेलात. पिंपळगावकर काही थांबले नाहीत, त्यांनी सिन्नरची मुलगी केली आणि लग्नही सिन्नरला, नदीपलीकडे उरकलं. सिंहस्थ सरल्यावर माझं दुसरीकडे झालं. संसार ठीक चाललाय. पण त्यानंतर तुम्ही माझ्यासमोर ग्रहांचं नाव कधी काढलं नाहीत. दवाखान्यात शेवटी शेवटी एकदा म्हणालात, “मी तुला थांबवायला नको होतं गं.” मी तुमची उशी सरळ केली आणि म्हणाले, गोळी घ्या.

परवा लेक गप्प बसली नाही. म्हणाली, “काकू, गुरू मागे जातच नाही. तो आपल्याला तसा दिसतो.” मुलाची आई जराही चिडली नाही. “मला ठाऊक आहे बाळा, मी बीएस्सी आहे,” ती म्हणाली, “पण घरात मोठे दीर आहेत. उद्या काही कमीजास्त झालं तर बोट माझ्याकडे.” तिचा आवाज मला ओळखीचा वाटला, आप्पा. न मानता मान तुकवणाऱ्या माणसाचा. लेक माझ्याकडे बघत होती. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, “पंचवटीत नकोच. आपण नदीच्या दक्षिण तीराला करू. गंगापूर रोडला हॉल बघते. तुमच्या भटजींना विचारा, तिथे दोष नाही.” तिनं तिथूनच फोन लावला. भटजी हो म्हणाले. माझ्या नवऱ्यानं पुन्हा चहा मागितला.

लेकीनं नंतर गळ्यात पडून विचारलं, “तुला इतकं पटकन सुचलं कसं?” मी कपबशा धुवायला घेतल्या. तुम्हाला सांगते, म्हणजे नुसतं लिहिते, पाठवायचं तर कुठेच नाही. ते आता सुचलेलं नव्हतं. आपली आत्या तेव्हा मुंबई नाक्याला राहायची, नदीच्या दक्षिणेला. तिच्या दारात मांडव घालता येईल, हे दाराआड उभी असतानाच माझ्या मनात आलं होतं. आत येऊन एक वाक्य बोलायचं होतं, तुम्ही लगेच हो म्हणाला असता. पण मला तो मुलगा नकोच होता, आप्पा.