धवला अर्ध्यावर तोडू नये

मी, गोदूबाई दिनानाथ भगत, वय ७४, राहणार सुकापूर, तालुका पनवेल, धंदा धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात विधीची गाणी, धवले, गाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने सांगते आहे. गुडघे गेले, डोके आणि गळा शाबूत आहेत. वकीलबाईंनी लिहिले, मी दोनदा वाचायला लावून ऐकले.

१) राहते घर मुलगा प्रणित व सून विनिता यांना निम्मे-निम्मे. प्रणित न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, चार-चार दिवस घरी नसतो. घर राखते ती विनिता, म्हणून तिचे नाव कागदावर हवेच.

२) सहा वर्षांपूर्वी एका एफएम स्टेशनने मला बोलावले. मी हळदीचा धवला पाऊण तास गायले. त्यांनी चाळीस सेकंद ठेवले, त्यात दारुड्याची उचकी घातली आणि ‘आगरी आंटी’ म्हणून रोज सकाळी लावले. ऐकणाऱ्यांना वाटू लागले, आगरी गाणे म्हणजे दारू आणि धिंगाणा. आमच्याच लोकांनाही. कळंबोलीच्या हळदीत नवरीचा बाप म्हणाला, "मावशी, लांबडं नको. रेडिओवरचं उचकीवालं म्हना, पाव्हनं हसतील."

"पोरीला हलद लागतेय. हसायचं काय हाय त्यान?" असे म्हणून मी मांडवातून उठले. पुढे कोणी बोलावले नाही.

३) विनिताही तेव्हा ते ऐकून हसली होती. मी उठून आले हे कळल्यावर तिने माझ्यापुढे मोबाइल ठेवला. "आय, सगलं म्हना. मना शिकायचं हाय." दोन वर्षांत तिने एकतीस धवले उतरवले, पाठ केले. ती रेकॉर्डिंगे, वही व सर्व हक्क एकट्या विनिताचे. मागेल त्याला द्यावीत, पण पुरती. प्रणितने आड येऊ नये. त्याने उचकीचे गाणे रिंगटोन ठेवले होते. माफ केले आहे, विसरले नाही.

४) मी गेल्यावर स्टेशनवाले श्रद्धांजली म्हणून तोच तुकडा लावतील. तेव्हा विनिताने त्यांच्या चालू कार्यक्रमात फोन करावा आणि पहिल्या ओळीपासून गायला लागावे. त्यांनी फोन तोडला, तर पुन्हा लावावा. रडू नये. रडले की सूर उतरतो.

सही: गोदूबाई दिनानाथ भगत

आमच्यादेखत सही केली, आम्ही तिच्यादेखत केली:
१. बुधाजी पदू पाटील
२. वसुंधरा उदयसिंह ठाकूर

पनवेल, १४ फेब्रुवारी २०२५