ग्रंथ वाचून संपेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, विधवा, धंदा कपडे दुरुस्तीचा, आज पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांचे फोटो उजेडात धरून जे सांगितले ते मला नीट समजले आहे. डोके शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी रागाच्या भरात कोणाला तोंडी काही देऊन टाकले असेल, तर ते धरू नये.

१. दुकानातील शिलाई मशीन, मोठी कात्री व बटणांचे डबे मुलीला द्यावेत. कात्रीने कागद कापू नये. समोरच्या दंतवैद्यांनी नेलेली शिडी आमची आहे. ते साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, म्हणजे हे त्यांच्याही वाचनात येईल.

२. बँकेतील रक्कम मुलगा व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

३. राहते घर माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. थोरल्या दिरांनी आपला हिस्सा हयातीतच आम्हाला विकला होता. त्यामुळे त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या जाऊबाई, यांचा या घरावर कागदोपत्री काडीचाही हक्क नाही. त्या मागच्या खोलीत राहतात. त्यांना मूलबाळ नाही आणि आता दिसतही नाही. माझ्यामागे घर विकावे आणि काकूंसाठी "एखादी चांगली संस्था बघावी" असा माझ्या मुलाचा विचार आहे. मुलगा वाईट नाही. पण हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता.

येथे थोडे मागचे सांगणे भाग आहे. जाऊबाईंचे आणि माझे कधी पटले नाही. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या एका डब्याला हात लावू दिला नाही, ते मी अजून विसरलेले नाही. दोघींचे नवरे गेल्यावर घरात एकमेकींखेरीज कोणी उरले नाही, तरी आम्ही कामापुरतेच बोलत होतो. मग दिरांच्या कपाटातून एक जाडजूड ग्रंथ निघाला.

एका लेखकाने जन्मभर स्वतःच्या मनाने रचलेले हे पुराण आहे. देव त्याचे, समुद्र त्याचे, राजवंशही त्याचेच. ते पुरे होण्याआधीच तो गेला आणि त्याच्या मुलीने खोक्यांतले कागद जुळवून ते छापले. त्यामुळे एकाच डोंगराला तीन नावे आहेत, आणि पूल बांधणारी राणी एकदा बुडून मरते, एकदा तापाने. दिरांनी थोडे वाचून मध्येच खूण घालून ठेवली होती. "एवढं काय वाचत बसायचे हे, बघ तरी," असे जाऊबाई म्हणाल्या. त्यांची नजर तेव्हाच गेली होती. मी वाचू लागले. पहिल्या दिवशी दोघींनाही काही कळले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती.

तेव्हापासून दुपारी दुकान बंद करून मी वाचते. नियम एकच. एखादे नाव आले आणि जाऊबाईंनी "हा कोण?" विचारले, की तो जिथे पहिल्यांदा आला तिथपर्यंत मागे जायचे आणि तिथून पुढे यायचे. अशाने आम्ही अजून निम्म्यापर्यंतही पोचलेलो नाही. राणीच्या दोन मरणांवरून मी एकदा वैतागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक कागद टाकून देता आला असता त्या मुलीला. नाही टाकवला. वडिलांचं अक्षर ना ते." या बाईंवर माझा जीव जडला आहे, हे मला त्या दुपारी कळले.

मी आजारी असताना मुलाने एकदा वाचले. वंशावळीची पाने त्याने गुपचूप गाळली. जाऊबाईंनी त्याला थांबवले. "अरे, हा अजून जन्मलाच नाही, लढाईला कसा निघाला?" मुलगा म्हणाला, "काकू, गोष्ट एवढीशीच आहे, दहा मिनिटांत सांगतो." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

४. म्हणून मी अशी व्यवस्था करते, की घर मुलाचे होईल. परंतु सदर ग्रंथ जाऊबाईंना संपूर्ण वाचून दाखवून होईपर्यंत त्याला ते विकता, भाड्याने देता किंवा रिकामे करून घेता येणार नाही, आणि तोवर जाऊबाई मागच्या खोलीतच राहतील. वाचन मुलाने स्वतः करावे. नोकरीमुळे दुपारी जमले नाही तर संध्याकाळी बसावे. वंशावळी गाळू नयेत. वरील नियम त्यालाही लागू राहील.

५. ग्रंथ संपला किंवा नाही, हे फक्त जाऊबाई ठरवतील. शेवटचे पान झाल्यावर त्या "पुन्हा पहिल्यापासून" म्हणाल्या, तर पहिल्यापासून.

६. या मजकुराचा कच्चा मसुदा मी काल मुलाला वाचून दाखवला. त्याने कागद हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "आई, अशाने घर कधीच विकता येणार नाही."

"त्या आहेत तोवर नाही," मी म्हटले.

"आणि मलाच त्यातलं काही कळलं नाही तर?"

"त्यांना विचार. त्यांना सगळं पाठ आहे."

"पाठ आहे? मग सारखं 'हा कोण' का विचारतात?"

"वाचून संपलं, की समोरचं माणूस उठून जातं ना, म्हणून."

त्यावर तो काही बोलला नाही. त्याची संमती आहे, असे मी धरते.

लिहून देणार : सही
साक्षीदार : १. समोरचे दंतवैद्य, सही. २. कोपऱ्यावरचे घड्याळजी, सही.
स्थळ : राहते घर, पुढची खोली.
दिनांक : आजचा, दंतवैद्यांनी सहीखाली घातला आहे तो.

जाऊबाईंना या मृत्युपत्राने लाभ होत असल्याने त्यांची सही घेतलेली नाही. दुपार झाली आहे, त्या वाट पाहत असतील.