काटा मधीच हाय

४ ऑगस्ट

आज परत उकळला! बागेतनं शिट्टीसारखा आवाज आला म्हणून तव्यावर भाकरी टाकून पळाले. छोट्या ट्रॅक्टरच्या तोंडातनं वाफा, आणि आमचे हे — शिवयोगी — सीटवर बसून निवांत फवारतायत! "अहो, काटा लालमध्ये गेलाय, बंद करा!" तर म्हणे, "एवढी ओळ हू दे की." एवढी ओळ! भाकरीचा कोळसा झाला. इंजिनाचा तेवढा राहिलाय.

आभाळ भरलंय. असल्या हवेत डाळिंबावर तेल्या पसरतो. एक फवारणी चुकली की फळावर काळे डाग, अख्खा बहार मातीत. फवारणी ट्रॅक्टरशिवाय उरकत नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला सीटला हात लावू देत नाहीत.

५ ऑगस्ट

बिरप्पा मेकॅनिक आला. पुढची जाळी गवताच्या कुसळानं गच्च! "काकी, ह्याला श्वासच घेता यीना, तापंल न्हायतर काय!" रेडिएटर उघडला तर आत पांढरा थर — बोअरच्या पाण्यानं आपल्या हंड्याला धरतो तसा. सगळं धुतलं. नवं कूलंट भरलं. यांना बजावून गेला : रोज जाळी साफ करा, काटा बघत चालवा. "व्हय, व्हय," म्हणाले.

७ ऑगस्ट

दोन दिवस बरा चाललाय. तरी माझे कान बागेकडंच.

९ ऑगस्ट

उकळला!!

"जाळी साफ केली होती का?" — "केली की सकाळी." जाऊन बघते तर अर्धी जाळी तशीच भरलेली. आणि ठिबकची नळी चाकाखाली घेऊन फोडलेली ती वेगळीच. मी बोलले तर "सुम्मनिरु!" म्हणून ओरडले. चिडले की यांना कन्नड सुचतं. मी काय गप्प बसणाऱ्यातली नाही, चांगलं सुनावलं.

रात्री पुण्यातनं बसूचा फोन. "आई, विकून टाका तो ट्रॅक्टर. फवारणीला माणूस सांगू." यांनी फोन माझ्या हातनं ओढला. "आनि मी काय करू? तुज्या आईसंगं तांदूळ निवडू?" स्वतःचा पोरगा, पण असं बोलले! नंतर कट्ट्यावर एकटेच बसून राहिले. जेवले नाहीत. माझा सगळा राग गेला. हा माणूस सीटवरनं उतरला तर खचणार, मला ठाऊक आहे. काही करून तो ट्रॅक्टर दुरुस्त व्हायलाच पाहिजे.

१० ऑगस्ट

बिरप्पानं फॅनचा पट्टा आणायला सांगितला म्हणून यांच्या मोटारसायकलवर अक्कलकोटला गेलो. स्पीडब्रेकरवर असं आदळलं की मी पडता पडता वाचले. "लक्ष कुठं असतं तुमचं?" दुकानात औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण मलाच वाचायला लावलं. "लेकाचे मुंगीएवढं छापत्यात!"

११ ऑगस्ट

नवा पट्टा बसला. बिरप्पानं स्वतः चार ओळी फिरवला, काटा अगदी मध्ये. मी मनात सिद्धरामाला हात जोडले. दुपारी हे बसले — उकळला!

बिरप्पा बांधावर थांबूनच होता. म्हणाला, "काका, पयल्या गिअरात मुंगीच्या पावलानं चालवता आनि रेस फुल! जरा जोरात घ्या की." हे म्हणाले, "झाडं घासत्यात." मग त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजून एकदा असा उकळला तर इंजिन खोलावं लागंल, काकी. काटा बघून थांबाया काय हुतंय?"

हे आपले एकच धरून बसलेत : काटा मधी हुता!

बिरप्पानं डोकं खाजवलं. "मंग मीटरच खोटं दावतंय म्हना."

१३ ऑगस्ट

हे मठात गेले असताना बिरप्पा आला आणि मीटर काढून घेऊन गेला. दुकानात तपासतो, तोवर चालवू नका म्हणाला. हे आले तेव्हा मी गोठ्यात धारेला बसलेली, नंतर सांगायचं राहूनच गेलं.

झोप नाही. देवा, मीटर खोटं निघू दे. म्हणजे यांचं खरं होईल.

१४ ऑगस्ट

उजाडलं तर बागेत इंजिनाचा आवाज! अनवाणीच पळाले. "बंद करा! काटा कुठं आहे बघा!"

हे पुढं वाकले. नीट बघितल्यासारखं केलं. "मधीच हाय की."

मीटरच्या जागी नुसतं भोक. दोन वायरी लोंबतायत.

हात पुढं करून मीच किल्ली फिरवली. "कधीपासनं दिसत नाही हो?"

हे म्हणाले, "बसूला सांगू नगं, सिद्धे."