ह्यांच्या जागेवरून दिलेलं मत

१२ जानेवारी, रविवार
वाचनालयातलं नेट पुन्हा बंद. ती जुनी सरकारी लाइन — आठवड्यातून दोन दिवस चालली तर चालली! पलक फोन पालथा टाकून बसली होती. "काकीजी, आधा लेक्चर हुआ और डेटा खतम." इंदूरजवळच्या देपालपूरची पोर, मल्हारगंजात चौघींत एक खोली, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. वाचनालयात नेट आहे म्हणूनच घरच्यांनी इंदूरला राहू दिलंय.
नव्या सरकारी लाइनसाठी ह्यांनी तीन वर्षं खेटे घातले. गेल्या वर्षी हे गेले. अर्ज अजून सरकारी दफ्तरातच पडून आहे. वाचनालयाच्या कमिटीत ह्यांच्या जागी मला घेतलं.

१४ जानेवारी
संक्रांत. सियागंजाच्या बाजारातून तीळ आणायचे राहिले. राहिले म्हणजे — मी गेलेच नाही.

१९ जानेवारी, रविवार
कमिटीची मीटिंग. एका खासगी नेट कंपनीचा प्रणव म्हणून मुलगा आला होता, मूळचा पुण्याचा. आठ दिवसांत लाइन देतो म्हणाला, फुकट! बदल्यात प्रत्येकाने आपला मोबाइल नंबर टाकायचा, जाहिरात बघायची, मग नेट.
"नंबरांचं काय करता?"
"मॅडम, ते पॉलिसीत आहे."
चौदा पानं होती. मी तिथेच बसून वाचली. नंबर इतर कंपन्यांना देता येतील, असं अकराव्या पानावर.
मी म्हटलं, रस्ता, नळ, तसंच हे. सरकारनंच द्यावं.
कमिटीतले जयसिंगराव म्हणाले, "वहिनी, नळ सरकारीच आहे ना? एक दिवसाआड येतो!" सगळे हसले.
"येतो तेव्हा नाव-गाव तर विचारत नाही!"
मग कुणी हसलं नाही. मतं दोन-दोन पडली. अध्यक्ष अप्पासाहेब म्हणाले, "आता तुमच्यावर आहे, वहिनी." मी सांगितलं, सरकारी लाइनसाठी थांबू. हे शेवटपर्यंत तेच म्हणायचे.
प्रणव परत गेला. मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी.

३ फेब्रुवारी, सोमवार
ह्यांच्या अर्जासाठी सरकारी दफ्तरात जाऊन आले. "माताजी, फाइल ऊपर गई है." वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
जुनी लाइन पुरती मेली. वाचनालयाच्या खोलीत आज सात जण. पूर्वी बसायला जागा नसायची.
पलकला मी नंबरांचं समजावून सांगत होते. ती म्हणाली, "मैं तो दे देती नंबर. वैसे भी कोचिंगवाले भिया लोगों के फोन आते ही रहते हैं." मग — "काकीजी, आपको खुद को क्या लगता है?"
मीटिंगला मी ह्यांचं मत दिलं. माझं काय आहे, ते त्या दिवशी स्वतःला विचारलंच नाही. इतकी वर्षं पुस्तकं वाचते मी!

९ मार्च, रविवार
पलक गेली. वडील न्यायला आले होते. चांगला माणूस. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. "बहनजी, नेट ही नहीं, तो भाड़ा किस बात का? घर पे पढ़ लेगी." त्यांच्या घरी धड रेंजसुद्धा येत नाही, पलकनंच सांगितलं होतं. ती माझ्या पाया पडली. परीक्षेला अडीच महिने. मी जानेवारीत होकारार्थी मान हलवली असती, तर ती आज इथे असती.

२ एप्रिल
आज ह्यांच्यावर रागावले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

६ जून, शुक्रवार
पलकचा फोन. पेपरला बसलीच नाही. "तैयारी ही नहीं थी, काकीजी." मुलगा बघतायत. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दे. ती "हाँ जी" म्हणाली. इतकं शहाण्यासारखं म्हणाली!

१७ जून, मंगळवार
मंजुरी आली. सरकारी लाइन! अप्पासाहेबांनी पेढे वाटले. दुपारी माणसं वायर घेऊन आली, त्यांच्याबरोबर प्रणव. सरकारनं हे काम त्याच्याच कंपनीला दिलंय.
मी विचारलं, "आणि नंबर?"
"तो तर टाकावाच लागेल, मॅडम."